पडद्यावरचे ‘दहशतवाद-तज्ज्ञ’ आणि आपले घर

दि. १ जून २००६. पहाटे चारचा सुमार. नागपूरच्या महाल भागात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाजवळ गोळीबार झाला. लाल दिव्याची पांढरी अॅम्बॅसिडर गाडी, तीत पोलिसी गणवेशातले तिघे जण, पोलिसांनी केलेला पाठलाग, चकमक आणि तिघेही जागीच ठार. त्यांच्याजवळ एके-४७ रायफली, हातबॉम्ब आणि स्फोटके सापडल्याचे पोलिसांनी सांगितले. ते लष्कर-ए-तोयबाचे असल्याचेही पोलिसांनी जाहीर केले.

महालात राहणाऱ्या आणि आमच्यासारख्या रोज कामाला तिकडे जाणाऱ्या माणसाला त्या दिवशी यापेक्षा अधिक काही ठाऊक नव्हते. कोणी आवाज ऐकला होता, कोणी पोलिसांचा वेढा पाहिला होता. बडकस चौकातल्या चहाच्या टपरीवर जेवढे लोक तेवढ्या गोष्टी. पण संध्याकाळी टी. व्ही. लावला तर दिल्लीच्या स्टुडिओत बसलेल्या मंडळींना सगळेच ठाऊक! तिघे कुठून आले, कोणत्या वाटेने आले, त्यांना शहरात कोणी मदत केली असेल, कोणत्या वस्त्यांवर नजर ठेवायला हवी, हे सारे ही मंडळी अशा खात्रीने सांगत होती की जणू काही तेच गाडी चालवत होते. पडद्याच्या खालच्या पट्टीवर प्रत्येकाच्या नावापुढे दोन शब्द होते : ‘सुरक्षा तज्ज्ञ’.

पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांच्या नेतृत्वाखाली नागरिकांची एक सत्यशोधन समिती नागपुरात आली. तिने पोलिसांनी सांगितलेल्या हकिगतीवर प्रश्न उपस्थित केले आणि चौकशीची मागणी केली. पोलीस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. कोण बरोबर आणि कोण चूक, हा निवाडा आम्ही येथे करीत नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. शंका विचारणे, पुरावा मागणे, जागेवर जाऊन पाहणे हे तर तज्ज्ञ म्हणवणाऱ्याचे पहिले काम! ते काम एका निवृत्त न्यायमूर्तींनी आणि चार कार्यकर्त्यांनी स्वखर्चाने केले. स्टुडिओतल्या तज्ज्ञांपैकी महालची गल्ली पायाखाली घातलेला एकही आम्हाला त्या आठवड्यात दिसला नाही.

वाचकहो, आज मराठीतही चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या आहेत. त्या २००७ पासून एकापाठोपाठ एक आल्या. आता तर मोबाईलवरही तीच चर्चा, तीच भांडणे. आपल्या वस्तीतली मुले अभ्यासाच्या वेळी हे ऐकतात. तेव्हा हा ‘तज्ज्ञ’ नावाचा प्राणी कोण आहे, तो पडद्यावर कसा येतो आणि त्याच्या बोलण्याचा आपल्या घराशी काय संबंध येतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

कोर्टातला तज्ज्ञ आणि टी. व्ही. वरचा तज्ज्ञ

आपल्या कायद्याने तज्ज्ञाची जागा फार पूर्वीच ठरवून दिली आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ म्हणजे तज्ज्ञाच्या मताचे कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला, त्यात ते कलम ३९ झाले. हस्ताक्षर, बोटांचे ठसे, विज्ञान अशा बाबतींत ज्याला विशेष ज्ञान आहे त्याचे मत न्यायालय ऐकते. पण कसे ऐकते? आधी त्याचे शिक्षण विचारते. मग तू काय तपासले, कशाने तपासले, हे विचारते. त्यानंतर समोरचा वकील उभा राहतो आणि उलटतपासणी घेतो. भल्याभल्या तज्ज्ञांना तेथे घाम फुटतो. आणि एवढे होऊनही ते मत न्यायाधीशावर बंधनकारक नसतेच.

आता टी. व्ही. चा तज्ज्ञ पाहा. त्याला शिक्षण कोणी विचारीत नाही. तो कशाच्या आधारे बोलतो ते सांगावे लागत नाही. ‘सूत्रांकडून समजते’ म्हटले की संपले. उलटतपासणी तर नाहीच, उलट निवेदक त्याचेच वाक्य उचलून आणखी मोठ्या आवाजात सांगतो. आणि मत खोटे ठरले तर? दुसऱ्या दिवशी नवा विषय असतो.

तो पडद्यावर येतो कसा, तेही समजून घ्या. प्रत्येक वाहिनीत पाहुणे गोळा करणारा माणूस असतो. बातमी फुटली की तासाभरात खिडक्या भरायच्या असतात. ज्याने खरोखर दहा वर्षे अभ्यास केला आहे तो म्हणतो, ‘अजून माहिती यायची आहे, आजच बोलणे योग्य नाही.’ असल्या माणसाचा वाहिनीला काय उपयोग? पुढच्या वेळी त्याला फोन जात नाही. जो लगेच येतो, जोरात बोलतो, ‘शक्यता आहे’ न म्हणता ‘शंभर टक्के’ म्हणतो, तो यादीत वर चढतो. असे वर्षभर चालले की ज्याला कमी शंका तोच मोठा तज्ज्ञ ठरतो. हा कोणा एका माणसाचा लबाडपणा नाही, ही चाळणीच तशी लावलेली आहे.

हे आम्ही आमच्या मनचे सांगत नाही. फिलिप टेटलॉक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने २८४ तज्ज्ञांची राजकीय भाकिते सुमारे वीस वर्षे नोंदवून ठेवली आणि २००५ साली त्याचे पुस्तक काढले. त्यात असे दिसले की, जे तज्ज्ञ माध्यमांत अधिक गाजलेले, त्यांची भाकिते कमी गाजलेल्यांपेक्षा अधिक चुकलेली. चुकण्याचा हिशेब कोणी मागत नाही म्हणून दुकान चालते. आम्ही वाणिज्य शाखेचे. ज्या दुकानात माल परत घेत नाहीत आणि पावतीही देत नाहीत, तेथून घेताना माणूस चार वेळा विचार करतो, एवढे आम्हाला कळते.

आणखी एक गोष्ट. पट्टीवर ‘निवृत्त’ एवढेच लिहिलेले असते. निवृत्तीनंतर तो काय करतो ते लिहिलेले नसते. अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सने एप्रिल २००८ मध्ये हे उघडकीस आणले. इराक युद्धावर टी. व्ही. वर ‘विश्लेषण’ करणाऱ्या कितीतरी निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांचे शस्त्रे व साहित्य पुरवणाऱ्या कंपन्यांशी संबंध होते आणि त्यांनी काय बोलावे याचे मुद्दे त्यांना संरक्षण खात्याकडून मिळत होते. पाहणाऱ्याला यातले काहीच सांगितलेले नव्हते. ती बातमी लिहिणाऱ्याला पुढल्या वर्षी पुलित्झर पारितोषिक मिळाले. आपल्याकडे असा शोध कोणी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

मेलेल्यांना न्याय, जिवंतांना शिक्का

११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली. डबा घेऊन कामावरून घरी निघालेली माणसे होती ती, आपल्यासारखीच. तपास झाला, २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, त्यात पाच जणांना फाशी. आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यातला एक तर त्याआधीच, २०२१ साली, तुरुंगातच मेलेला होता. आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातूनही त्या दिवशी माणसे बाहेर आली, एकोणीस वर्षांनी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगून त्याला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवले नाही.

८ सप्टेंबर २००६ ला मालेगावात शब-ए-बरातच्या दिवशी कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, बहुतेक मुसलमानच. पकडले गेले तेही मुसलमानच तरुण. ते नऊ जण २०१६ साली आरोपांतून मुक्त झाले. एक जण त्या आधीच वारला होता. त्याच मालेगावात २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा स्फोट, सहा जण ठार. या वेळी आरोपी हिंदू, आणि वाहिन्यांवर ‘भगवा दहशतवाद’ हा शब्द. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींची पुराव्याअभावी सुटका केली.

दहा दिवसांच्या अंतराने आलेले हे दोन निकाल. टी. व्ही. वर काय झाले? ज्यांना पहिला आवडला ते एका खिडकीत ओरडले, ज्यांना दुसरा आवडला ते दुसऱ्या खिडकीत. पण लोकल गाडीतल्या माणसांना आणि मालेगावच्या माणसांना मारले कोणी? तपास कुठे फसला? हे प्रश्न विचारायला तज्ज्ञ लागतो, खराखुरा. त्या रात्री तो दिसला नाही. ज्यांच्या घरातले माणूस गेले त्या आयांना कॅमेऱ्यासमोर रडण्यापुरते बोलावले, एवढेच.

आणि अलीकडचे पाहा. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जणांना गोळ्या घातल्या, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष झाला. ८ मेच्या रात्री आमच्या गल्लीत कोणी झोपले नाही. कराची बंदर उद्ध्वस्त झाले, इस्लामाबाद घेतले, अशा बातम्या एकामागून एक. पार्श्वभूमीला भोंगे वाजत होते, एवढे की सरकारला हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा कार्यक्रमात वापरू नका म्हणून वाहिन्यांना सांगावे लागले. निवृत्त अधिकारी नकाशावर काठी फिरवीत होते. सकाळी कळले की यातले काही खरे नव्हते. पूंछमध्ये तोफगोळ्याने मेलेल्या एका शिक्षकाला तर काही वाहिन्यांनी अतिरेकी म्हणून दाखवले. पोलिसांना खुलासा करावा लागला. बाप मेल्याचे दुःख करावे की बाप अतिरेकी नव्हता हे सांगत फिरावे, असा प्रसंग त्या लेकरांवर आला. पुढे तेथील न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला.

आमच्या शेजारच्या मावशी, चार घरची धुणीभांडी करतात, त्या रात्री आमच्याकडे टी. व्ही. पाहत बसल्या होत्या. त्यांनी विचारले, ‘भाऊ, हे साहेब तिथं होते का जी?’ आम्ही म्हटले, नाही मावशी, हे दिल्लीत आहेत. ‘मग यायले कोणं सांगतलं?’ त्या म्हणाल्या. सगळ्या वाहिन्यांच्या निवेदकांनी मिळून त्या रात्री हा एक प्रश्न विचारला असता तरी पुरे होते.

२६/११ च्या वेळचा अनुभव तर याहून भयंकर. नोव्हेंबर २००८ मध्ये ताज, ओबेरॉय, नरिमन हाऊस येथे कमांडो कुठून उतरतात हे वाहिन्या थेट दाखवीत होत्या आणि पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच पाहून आत फोन करीत होते. कसाब खटल्याच्या निकालात २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांवर यासाठी कडक ताशेरे ओढले. मार्च २०१५ मध्ये केबल टी. व्ही. च्या नियमांत दुरुस्ती झाली : दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवायचे नाही, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढेच सांगायचे. नियम चांगला आहे. पण त्याचा एक परिणाम कोणी बोलत नाही. दाखवायला चित्र नाही, सांगायला माहिती नाही आणि चोवीस तास तर भरायचेच आहेत! मग ती पोकळी भरायला तज्ज्ञांच्या खिडक्या चारच्या आठ झाल्या.

आपल्या दारापर्यंत

हा विषय मुसलमान बांधवांचा आहे, आपला काय संबंध, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांना आम्ही खैरलांजीची आठवण देतो. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. महिनाभर मोठ्या वाहिन्यांना त्याची बातमी वाटली नाही. नोव्हेंबरमध्ये नागपूर, अमरावती, भंडाऱ्यात आपली माणसे, विशेषतः आपल्या भगिनी, रस्त्यावर आल्या. तेव्हा तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचा संशय व्यक्त केला. झाले! चार प्रेते बाजूला राहिली आणि ‘मागे कोण’ ही चर्चा सुरू झाली. इंदोरा, कमाल चौक, इमामवाड्यातल्या ज्या बायका पोलिसांच्या लाठ्या खाऊन आल्या, त्यांना कोणी शिकवले म्हणे! जणू आपल्या लेकीबाळींचे दुःख आपल्याला कोणी बाहेरून येऊन समजावून सांगावे लागते.

पुढे १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगाव झाले. ६ जून २०१८ ला पाच जणांना अटक झाली. त्यात आपल्या नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग आणि नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. शोमा सेन होत्या. ‘अर्बन नक्षल’ हा शब्द त्या वर्षी घराघरात गेला तो कोर्टातून गेला नाही, टी. व्ही. वरून गेला. ३१ ऑगस्टला पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन पत्रे वाचून दाखवली. प्रकरण न्यायालयापुढे असताना असे कसे केले, असे मुंबई उच्च न्यायालयाने विचारले. २८ सप्टेंबरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात न्या. चंद्रचूड यांनीही आपल्या वेगळ्या मतात त्यावर टीका केली. पण ते होईपर्यंत स्टुडिओत खटला चालून शिक्षाही सुनावून झाली होती.

डॉ. आनंद तेलतुंबडे यांनी १४ एप्रिल २०२० रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीच्या दिवशी, तपास यंत्रणेपुढे शरणागती पत्करली. नोव्हेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्यांनी दहशतवादी कृत्य केल्याचा सकृद्दर्शनी पुरावा दिसत नाही, असे न्यायालयाने म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन कायम ठेवला. प्रा. सेन यांना जामीन मिळायला एप्रिल २०२४ उजाडला. नागपूरच्याच कारागृहात राहिलेले, चाकांच्या खुर्चीतले प्रा. जी. एन. साईबाबा यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ ला निर्दोष सोडले, आणि त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला ते वारले. २०१४ ते २०२४. त्या दहा वर्षांत त्यांच्यावर बोललेल्या तज्ज्ञांपैकी किती जण निकालाच्या दिवशी पुन्हा पडद्यावर आले?

याच भीमा कोरेगाव प्रकरणात खरा तज्ज्ञ कसा बोलतो त्याचाही नमुना आहे. बचाव पक्षाच्या वकिलांनी रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडून तपासून घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहवाल आला : कोणीतरी बाहेरून त्या संगणकात शिरून कागदपत्रे टाकली होती. तपास यंत्रणेला हे मान्य नाही, आणि शेवटचा शब्द न्यायालयाचा. पण कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने, कोणती फाईल आली, हे त्या अहवालात लिहिलेले आहे. दुसरा जाणकार बसून ते पडताळू शकतो, खोडू शकतो. टी. व्ही. वरच्या ‘मला वाटते, यामागे मोठे षड्यंत्र आहे’ याला खोडणार कसे? त्यात हाताला लागेल असे काहीच नाही.

आमच्या महालात १७ मार्च २०२५ ला दंगल झाली तेव्हाही हेच. संचारबंदी लागली, कोतवाली-गणेशपेठचे हातावर पोट असणारे घरात कोंडले गेले आणि पडद्यावर १७०७ साली मेलेल्या औरंगजेबाचे विशेषज्ञ! रोजी बुडालेल्या हमालाची खिडकी कुठे होती?

परदेशातही हेच आहे. १९ एप्रिल १९९५ ला अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात सरकारी इमारत उडवली, १६८ माणसे मेली, त्यात १९ बालके. त्याच दिवशी टी. व्ही. वर तज्ज्ञांनी बोट दाखवले ते मध्यपूर्वेकडे, मुसलमानांकडे. पकडला गेला तो टिमोथी मॅकव्हे, गोरा, त्यांच्याच सैन्यातला माजी शिपाई. तेव्हा असे बोलणाऱ्यांपैकी एक स्टीव्हन इमर्सन. तो वीस वर्षांनी, जानेवारी २०१५ मध्ये, त्याच ‘दहशतवाद-तज्ज्ञ’ पाटीखाली म्हणाला की इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे पूर्णपणे मुस्लिम शहर आहे, तेथे इतर कोणी जातच नाही. ब्रिटनच्या पंतप्रधानांनी त्याला जाहीरपणे मूर्ख म्हटले, त्याने माफी मागितली. एकदा एवढे चुकूनही वीस वर्षे खुर्ची शाबूत! आमच्या कार्यालयात कारकुनाने बेरीज चुकवली तर त्याच दिवशी मेमो मिळतो.

बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्याच्या भाषणात म्हटले होते की, या देशात वृत्तपत्र हा पूर्वी पेशा होता, आता धंदा झाला आहे. टी. व्ही. तेव्हा यायचा होता.

आता घरात काय करावे? टी. व्ही. बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, कोणी करणारही नाही. आम्ही रविवारी विहारात येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना वहीत चार रकाने आखायला सांगितले : बोलणाऱ्याचे नाव, तो पूर्वी काय होता आणि आता काय करतो, तो घटनास्थळी होता का, आणि ‘मला कसे कळले’ हे त्याने सांगितले का. एका चर्चेपुरते भरून आणायचे. मुलांना तो खेळ वाटला. शेवटचा रकाना बहुतेकांचा कोराच आला. एक मुलगी म्हणाली, ‘सर, यात पाचवा रकाना पाहिजे, तो पुढे खरा निघाला का.’ तो रकाना आता आम्ही वाढवला आहे. तो भरायला कधी महिना लागेल, कधी एकोणीस वर्षे. वही जपून ठेवायला सांगितली आहे.

आणि एखाद्या वाहिनीने आपल्या समाजावर, वस्तीवर किंवा माणसावर खोटा शिक्का मारला तर तक्रार करता येते, हे पुष्कळांना माहीत नसते. आधी त्या वाहिनीकडेच लेखी तक्रार करायची, कार्यक्रम दाखवल्यापासून सात दिवसांच्या आत. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी या संस्थेकडे जायचे. निवृत्त न्यायमूर्ती तिचे अध्यक्ष असतात. संघटनेच्या सभासद असलेल्या वाहिन्यांनाच तिचे आदेश लागू होतात, ही तिची मर्यादा. तक्रारीत वाहिनीचे नाव, कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमके आक्षेपार्ह वाक्य लिहावे. ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढेच लिहू नये. अमुक विधान खोटे आहे आणि त्याचा हा पुरावा, असे लिहावे. कार्यक्रमाचे मोबाईलवर चित्रण करून ठेवावे, कारण वाहिन्या नंतर तो भाग काढून टाकतात. अर्ज लिहायला अडचण असेल तर रविवारी विहारात यावे, आम्ही व आमचे दोन सहकारी लिहून देतो. येताना तारीख आणि वेळ तेवढी कागदावर टिपून आणावी.